रानभाज्या पहिल्यांदाच करताय? शेवळांपासून सुरुवात करू नका

पाऊस सुरू झाला की ठाणे, कल्याण, बदलापूर, कर्जत, पनवेल इथल्या स्टेशनांबाहेर आणि दादरच्या मंडईजवळ फुटपाथवर वेगळेच वाटे दिसायला लागतात. गोल टोकाच्या पानांचा पाला, मातीने माखलेली हिरवी-पांढरी पाती, जांभळट तपकिरी कोंब म्हणजे शेवळं. विकणाऱ्या बहुतेक जणी ठाकर, कातकरी नाहीतर वारली. पहाटेच्या गाडीने आलेल्या असतात आणि दहा-साडेदहापर्यंत माल संपवून परततात. आपण जवळून जातो, कौतुकाने बघतो, आणि शेवटी मेथीची जुडी घेऊन घरी येतो. कारण पुढचं काहीच माहीत नसतं: निवडायचं काय, टाकायचं काय, कशात शिजवायचं, आणि खाल्ल्यावर काही होणार तर नाही ना?

हा लेख त्या नवख्यांसाठी आहे. उत्तर कोकणात मिळणाऱ्या भाज्यांवर भर आहे, कारण मला माहिती आहे ती त्यांची. विदर्भात किंवा घाटावर नावं बदलतील आणि काही भाज्याही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रानभाजीच्या पाककृतीतली एखादी पायरी विचित्र वाटली, तर ती गाळू नका. पाणी टाकून द्यायला सांगितलं असेल, अमुकच आंबट घालायला सांगितलं असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा चवीपेक्षा पोटाचा नाहीतर घशाचा विचार असतो. मेथीत लसणाऐवजी आलं घातलं तर फार बिघडत नाही. शेवळांत आंबट घालायचं राहिलं तर घरातले सगळे घसा धरून बसतील.

पहिली पायरी: रानात जाऊ नका, बाजारात जा

पहिला पूर्ण पावसाळा फक्त विकत घ्या. झाड ओळखायचं शिक्षण फोटो बघून होत नाही. जुडी हातात घेऊन, पान चुरगाळून वास घेऊन, देठ मोडून बघून होतं. विकणाऱ्या मावशींना तीन प्रश्न विचारा: नाव काय, यातलं टाकायचं काय, आणि तुम्ही घरी कशात करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं.

"मावशी, ही कशी करायची?"

"उकडायची, पाणी ओतून द्यायचं, मग वाल घालायचे."

"पाणी का ओतायचं?"

"मग कडू खाशील का?"

झाली पाककृती. भाव करायचाच असेल तर एखाद्या रुपयासाठी ताणू नका. हा पाला डोंगरावरून वेचून, निवडून, जुड्या बांधून आणलेला असतो. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे बऱ्याच भाज्या नावाच्या पाटीसह एकाच जागी बघायला मिळतात. नवख्यासाठी ती चांगली शाळा आहे. सकाळी लवकर जा, भाषणं सुरू झाली की बोलणं होत नाही.

दुसरी पायरी: टाकळा

निसर्गाचा क्रम आणि शिकण्याचा क्रम इथे उलटा आहे. सगळ्यात आधी, मेअखेर-जूनमध्ये, शेवळं येतात आणि नेमकी तीच सगळ्यात अवघड. उत्साही माणूस पहिल्याच आठवड्यात ती घेऊन जातो, घशाला खाज सुटते आणि रानभाज्यांचं प्रकरण तिथेच संपतं. म्हणून दोन-तीन आठवडे थांबा. टाकळा येऊ द्या.

टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो. पावसाने माळ ओला झाला की रस्त्याकडेला, पडीक जागेत, बांधावर त्याचं रान माजतं. एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या, पान टोकाला रुंद आणि गोल. संध्याकाळ झाली की जोडीतली पानं एकमेकांना चिकटून मिटतात. संध्याकाळी घेतलेली जुडी मिटलेली दिसली तर ती शिळी आहे असं समजू नका. भाजीसाठी झाड वीतभर उंच असताना खुडलेले शेंडे हवेत. पिवळी फुलं आली की पान जून होतं आणि वासही उग्र येतो.

याच जागी याचा एक भाऊबंद उगवतो, कासविंदा. त्याची पानं टोकाला निमुळती, जोड्या चार-पाच, आणि चुरगाळली की घाण वास. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावायची. त्यामागे कासविंद्याच्या शेंगांमधल्या बिया खाणं हे कारण असल्याचं 2000 नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणून पानाचं टोक बघायची सवय पहिल्या जुडीपासूनच लावा.

आता भाजी. चार माणसांना दोन मोठ्या जुड्या लागतात, शिजल्यावर पाला पार बसतो. फक्त पानं खुडून घ्या, देठ टाका. तीन पाण्यांतून धुवा, चिरा. अर्धी वाटी डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, अर्धवट वाफवून ठेवा. तेलात चार-पाच लसणाच्या पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा. कांदा मऊ झाला की डाळिंब्या, त्यावर पाला. झाकण ठेवून एक वाफ काढा, मग झाकण काढून सुटलेलं पाणी आटू द्या. मीठ पाला बसल्यावरच घाला, आधी अंदाज चुकतो. शेवटी चिमूटभर गूळ आणि मूठभर ओलं खोबरं. वाल नसतील तर भिजवलेली हरभरा डाळ चालते. गोव्याकडे फणसाच्या आठळ्या घालतात आणि माझ्या मते ती जोडी वालापेक्षा सरस आहे.

पहिल्या दिवशी वाटीभरच खा. टाकळा पोट साफ करणारा आहे आणि काहींच्या बाबतीत हे काम तो जरा जास्तच मनापासून करतो.

या झाडाचं काहीच वाया जात नाही. आयुर्वेदात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि गजकर्णावर त्याच्या बियांचा लेप सांगितला आहे. कोरिया आणि जपानमध्ये भाजलेल्या बियांचा चहा पितात. याच बियांपासून निघणारा डिंक कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी घालतात. आपल्या बांधावरच्या तणाची ही जगभरची उलाढाल आपल्या गावीही नसते.

तिसरी पायरी: फोडशी, आणि मग भारंगी

फोडशीला कुठे कुलू म्हणतात, कुठे कोळीची भाजी. गवतासारखी लांब पाती, बुडाशी पांढरी. हिचा त्रास एकच, चिखल. पात्यांच्या बेचक्यात माती घट्ट बसलेली असते आणि जुडी नळाखाली धरून ती जात नाही. बुडखा कापून पाती सुटी करा, परातीत भरपूर पाणी घेऊन बुडवा, पाणी गाळू नका, पाती वर उचलून घ्या. तळाशी बसलेली माती बघितली की पुन्हा का धुवायचं ते विचारावं लागत नाही. पानांच्या मधोमध कडक दांडा आलेला असेल तर तो काढून टाका, शिजत नाही. मग बारीक चिरून भरपूर कांदा आणि भिजवलेल्या हरभरा डाळीवर परता. चव सौम्य असते, मुलंही खातात. बेसन आणि तांदळाचं पीठ लावून भजीही होतात.

मुसळी म्हणून ज्या कंदमुळांचा औषधात व्यापार चालतो ती याच कुळातली. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावातलं 'बोरिविलिएनम' हे आपल्या बोरिवलीवरून आलेलं आहे. जमिनीखालची ही मुळं उपटली की पुढच्या वर्षीची भाजी गेली, म्हणून जाणत्या बायका पाती वरून कापतात. मुळासकट उपटलेल्या जुड्या शक्यतो घेऊ नका.

फोडशी स्वतः तोडायच्या फंदात निदान पहिली दोन वर्षं पडू नका. तिच्याच आसपास कोळकांदा उगवतो, त्याचीही पाती लांबट. तो विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो. फरक जमिनीखाली असतो: फोडशीला मांसल मुळांचा झुबका, कोळकांद्याला कांद्यासारखा गड्डा.

भारंगीची पानं लांब, खरखरीत आणि कडेला करवतीसारखे दाते असलेली. ही कडू असते. कोवळी पानं चिरून पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, पाला घट्ट पिळा, मग वालाबरोबर टाकळ्यासारखीच करा. थोडा कडवटपणा उरतो आणि तो उरलाच पाहिजे, नाहीतर भारंगी खाल्ली कशाला? पुढे फिकट निळी-जांभळी फुलं येतात, त्यांचीही भाजी होते, तीही उकडून-पिळूनच. भारंगमूळ खोकला आणि दम्यावरच्या काढ्यांत वापरतात. म्हणून भाजीच्या नावाखाली मूळ आणून घरी उकळत बसू नये. ते काम वैद्यांचं.

चौथी पायरी: आता शेवळं

दोन-तीन भाज्या हाताखालून गेल्या की पुढच्या जूनमध्ये शेवळं आणा. सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीचा फुलोरा पाना आधी जमिनीतून वर येतो आणि आपण खातो तो हाच. या कुळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच जिभेला, घशाला आणि हाताला टोचतात. सुरणाची आणि अळूची खाज तीच.

हाताला खोबरेल तेल चोळा किंवा हातमोजे घाला. बाहेरचं जांभळट आवरण सोलून काढा. आत दांडा दिसेल. त्याच्या खालच्या बाजूला पिवळसर, दाणेदार भाग असतो. तो पूर्ण काढून टाका, सगळ्यात जास्त खाज त्यात असते. कुठपर्यंत कापायचं याबद्दल घराघरांत मतभेद आहेत. तुम्ही विकणारीकडून एक शेवळ सोलून घ्या आणि तिने जेवढं टाकलं तेवढंच टाका.

शेवळांच्या वाट्याबरोबर हिरव्या, आंबट गोल फळांचाही वाटा असतो. ती काकडं. काकडीशी त्यांचा काही संबंध नाही, हे एका मोठ्या झाडाचं फळ आहे. काकडं न घेता शेवळं घेऊन निघालात तर मावशीच मागून हाक मारतील. काकडं ठेचून, बी काढून, थोड्या पाण्यात उकळून त्याचा कोळ काढा. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतून घ्या, कोळ घाला आणि अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. कच्ची राहता कामा नयेत. मग भिजवलेले वाल, नाहीतर सोडे किंवा कोळंबी, कांदा, ओल्या खोबऱ्याचं वाटण. सीकेपी घरांत खिम्यातही घालतात. काकडं मिळालीच नाहीत तर चिंच किंवा कोकम, तेही हात आखडता न घेता.

पानात वाढण्याआधी चमच्याच्या टोकावर थोडी चाखा आणि पाच मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून आणखी शिजवा. जेवताना कुणाला खाज सुटलीच तर कोकमाचं पाणी किंवा ताक द्या. ओठ-घसा सुजायला लागला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरचे उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. लहान मुलांना पहिल्या वर्षी देऊच नये असं माझं मत. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या होतात ते हसतील, हसू द्या.

पाचवी पायरी: स्वतः तोडायला जाताना

पहिल्यांदा घोळीपासून सुरुवात करा. कुंडीतसुद्धा आपोआप उगवते. मांसल, गुळगुळीत पानं, लालसर देठ, जमिनीवर पसरलेली. तिच्यासारखंच पसरणारं दुधी नावाचं एक तण असतं (दुधी भोपळा नव्हे), ते खायचं नाही. ओळख सोपी: देठ मोडा. पांढरा चीक आला तर फेकून द्या, घोळीला पांढरा चीक नसतो. घोळीत ओमेगा-3 स्निग्धाम्लं पालेभाज्यांच्या मानाने चांगली असतात, पण ऑक्झलेटही भरपूर. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, आंबुशी आणि अळू जपून खावेत.

रेल्वे रुळांच्या कडेचं, गटाराजवळचं, हायवेला लागून असलेलं काहीही तोडू नका, कितीही तजेलदार दिसलं तरी. आता एक नवीन काळजी आली आहे: भाताच्या बांधांवर तणनाशक मारतात. बांधावरचं गवत एका पट्ट्यात पिवळं पडलेलं दिसलं तर तिथून निघा. शेत ज्याचं असेल त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर कायद्यानेच मनाई आहे.

कंदांच्या वाटेला जाऊ नका. पावसात कळलावीची लाल-पिवळी फुलं सुंदर दिसतात, पण तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असतं आणि तो रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. कडूकंद आदिवासी घरांत खातात, पण त्याआधी चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यातलं विष काढावं लागतं. हे वाचून करण्यासारखं काम नव्हे.

औषध म्हणून वापरायचं असेल तर

इथे मी हात राखून लिहितो. अडुळशाचा खोकल्यावरचा वापर खराच आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं आधुनिक औषध तयार झालं. पण गर्भाशयावर परिणाम होतो म्हणून गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले. नंतर मुंबईतल्या काही डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा घोटाळा असू शकतो असं म्हटलं. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी आपल्यासाठी अर्थ एकच: कुंपणावरची वेल ओळखल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय रोज प्यायची नाही. भाजी म्हणून आठवड्यातून एकदा खाणं आणि औषध म्हणून रोज घेणं यांत फार अंतर आहे. चालू गोळ्या असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी नाक मुरडलं तरी.

पोटात न जाणारे उपयोग

हा भाग निर्धास्तपणे करता येतो. आंबुशीचा पाला मूठभर घेऊन तांब्या-पितळेच्या भांड्यावर घासा, चकाकी येते, तिच्यातल्या आम्लाचं ते काम. लोकरी आणि रेशमी कपड्यांसाठी दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर गरम पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. चांदीचे दागिनेही याच पाण्याने निघतात. डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतं. निर्गुंडीची पानं सावलीत पूर्ण वाळवून धान्याच्या डब्यात थरांमध्ये टाकली की किडीला आळा बसतो. ओली टाकलीत तर बुरशी येईल. वेखंडाचा तुकडा कपड्यांच्या कपाटात ठेवतात.

स्वयंपाकघरात कायम ठेवण्यासारखं एकच सांगायचं तर तिरफळ. मालवणात आणि गोव्यात बांगड्या-पेडव्यांच्या आमटीला याशिवाय वास येत नाही. बाजारात उघडलेलं वाळकं फळ मिळतं. आतली काळी कुळकुळीत बी टाकून द्या, साल तेवढी ठेवा. वाटणात वाटू नका, आमटी कडवट होते. आठ-दहा तिरफळं जराशी ठेचून, आमटी उतरवायच्या पाच मिनिटं आधी टाका. जेवताना ती बाजूला काढायची. चुकून चावलंत तर जीभ थोडा वेळ बधिर होईल, घाबरू नका.

आणि घरी काही लावायचंच असेल तर करटोली लावा. जुलैपासून बाजारात ज्या भावाने मिळतात तो बघितला तर तेच शहाणपणाचं. करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बियांपासून लावलं तर कोणता उगवेल ते फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून कंद आणा आणि देणाऱ्याला स्पष्ट विचारा. सात-आठ मादी वेलांना एक नर पुरतो. मादी फुलाच्या खाली बारीक काटेरी गाठ असते, नराच्या नसते. एखाद-दुसराच वेल असेल तर फुलं उमलल्यावर नर फूल खुडून मादी फुलावर हाताने टेकवा. दिवाळीनंतर वेल वाळतो, तेव्हा मेला समजून कुंडी रिकामी करू नका. कंद मातीत तसाच राहू द्या आणि मेअखेर पाणी सुरू करा.